पौर्णिमेच्या पाण्याचा हिशेब

पहाटे पावणेपाच

देवगड बंदराच्या जेटीवरून उतरणाऱ्या पायऱ्यांतल्या शेवटच्या काही पायऱ्या एरवी पाण्याखाली असतात. आत्ता त्या उघड्या आहेत, शेवाळानं बुळबुळीत आणि कालवांच्या कपच्यांनी धारदार. आज चैत्र पौर्णिमा. उधाणाची ओहोटी पाचच्या सुमाराला तळ गाठेल, आणि त्या वेळी खांबाला बांधलेल्या पट्टीवरचा आकडा मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा आहे. पट्टीशेजारी भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा आहे. त्याच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारं लहानसं यंत्र आहे आणि ते दर दहा मिनिटांनी पातळी टिपून ठेवतं. लाटांची उसळी बाहेर राहावी आणि आत फक्त भरती-ओहोटीचं संथ चढणं-उतरणं पोचावं, म्हणून हा पाइप. यंत्र चोख काम करतं, तरीही भरतीच्या आणि ओहोटीच्या टोकाला पट्टी वाचल्याशिवाय मी राहत नाही. पुढचा सगळा हिशेब या एका उंचीवर उभा आहे.

प्रश्न साधा आहे: या किनाऱ्याला भरती-ओहोटीतून वीज मिळेल का, आणि मिळाली तर किती? मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ इथून गेलं तेव्हा खांब आडवे झाले, तारा तुटल्या आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाड्यांना अनेक दिवस अंधारात राहावं लागलं. मासळीसाठी बर्फ नाही, विहिरीचा पंप चालत नाही, फोन बंद. समुद्र दारात आणि वीज मात्र घाटापलीकडून, हे तेव्हा लोकांना फार लागलं. त्यामुळे हा प्रश्न कुणी विचारला की मी हसण्यावारी नेत नाही. पट्टी घेऊन पाण्यात उतरते.

पाच वाजून गेल्यावर पाणी थांबतं. आकडा लिहिते, त्यापुढे वेळ लिहिते.

सकाळी साडेसहा

उजाडलंय. खडकांवर कोयती आणि टोपल्या घेऊन बायका कालवं काढायला आल्या आहेत. उधाणाच्या ओहोटीला जेवढा खडक उघडा पडतो तेवढा इतर दिवशी पडत नाही, म्हणून त्यांचाही आजचा दिवस मोलाचा. त्यांतल्या एका आजींनी टोपली खाली ठेवत मला विचारलं, "काय मापतंस गो बाय?"

"पाणी किती चढतं-उतरतं ते बघते, आजी. वीज करता येईल का म्हणून."

"ह्या पाण्यातसून वीज गावतली?"

"तेच बघायचंय."

"बघ बाय, बघ," म्हणाल्या आणि पुन्हा खडकाकडे वळल्या.

भरतीची वेळ काढायला या बायकांना छापील कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची की झालं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला. पौर्णिमा पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्रामुळे भरती रोज सरासरी पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, आणि पाऊणपट म्हणजे रोज पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे पंधरवड्यात थोडी चूक साठत जाते, पण नवीन पक्ष लागला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि चूक हाताबाहेर जात नाही. कागदपेन्सिलीशिवाय चालणारं इतकं नेमकं गणित पिढ्यान्पिढ्या वापरात आहे, आणि भरतीच्या विजेचं सगळ्यात मोठं बळ त्यातच दडलेलं आहे. वारा पडेल की सुटेल, ढग येतील की नाही, हे आठवडाभर आधी सांगणं अवघड. भरती मात्र पुढच्या वर्षीच्या कुठल्या दिवशी किती वाजता येणार, हे आजच सांगता येतं. वीजव्यवस्था चालवणाऱ्याला यापेक्षा भरवशाचा सोबती मिळणं कठीण.

सकाळी आठ

तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल. ओहोटी पाचला संपली आणि भरती सव्वाअकराला पुरी होणार, म्हणून दोन्हींच्या मधल्या या घटकेला पाणी सर्वांत वेगानं आत शिरतं. खाडीचं मुख चिंचोळं असतं तिथं पाण्याला वेग येतो, त्यामुळे मोजायची जागाही हीच.

होडीतून वेग मोजायच्या दोन पद्धती. एक म्हणजे पंख्याचं यंत्र दोरीनं पाण्यात सोडायचं आणि वरच्या, मधल्या, खालच्या थराचा वेग वेगवेगळा घ्यायचा. तळाशी पाणी नेहमीच संथ असतं. दुसरी पद्धत नारळाची. सोललेला नारळ बहुतेक बुडालेला राहतो, वाऱ्याला फारसा सापडत नाही, प्रवाहाबरोबर जातो. वीस मीटरच्या दोन खुणांमधून जायला त्याला वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर. होडीवाले काका दुसऱ्या पद्धतीवर खूश असतात आणि खरं सांगायचं तर यंत्राचा आकडा पडताळायला तीच बरी पडते.

आजचं पाणी उधाणाचं, तरी नारळ काठावरून रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या फारसा पुढे जात नाही. काका म्हणाले, "आज तरी पाण्याक जोर आसा. आठ दिसांनी ये, ह्याच पाणी मेल्यासारखा दिसतला."

आठ दिवसांनी भांगाची भरती. आज चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा ते काटकोनात असतील. काकांच्या वाक्याचं गणित असं आहे: वाहत्या पाण्यातली शक्ती वेगाच्या घनानुसार बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. सेकंदाला एक मीटर वेगानं वाहणाऱ्या समुद्राच्या पाण्यात, दर चौरस मीटर छेदामागे, साधारण अर्धा किलोवॅट शक्ती असते. अर्धा मीटर वेग असेल तर तीच सुमारे ६४ वॅट. मोजणीत वेगाची चूक दहा टक्के झाली तर शक्तीचा अंदाज तीस टक्क्यांनी घसरतो. नारळ पुन्हा पुन्हा सोडायचा तो यासाठी.

सकाळी साडेनऊ

भरतीच्याच पाण्यावर होडी आत निघाली. मोटर बंद ठेवली तरी ती सरकते.

पाण्याच्या दोन्ही अंगांना कांदळवन. तिवर आणि चिप्पी मला लांबून ओळखता येतात. चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्रानं राज्याच्या कांदळवन वृक्षाचा मान दिला. या झाडांच्या श्वासमुळ्या दिवसातून दोनदा बुडतात आणि दोनदा उघड्या पडतात. त्यांच्या बुडाशी कोळंबीची पिल्लं वाढतात, चिखलात खुबे आणि तिसऱ्या असतात. बांध घालून खाडीची भरती अडवायची म्हटलं तर आधी या बुडण्या-उघडण्याचं वेळापत्रक मोडतं. वीज करायची तर पाणी आत कोंडून ठेवावं लागतं, बाहेरची पातळी पुरेशी खाली जाईपर्यंत. म्हणजे आतला चिखल उशिरा आणि कमी उघडा पडणार. आज खडकावर भेटलेल्या आजींसारख्या खाडीच्या आतल्या अंगाला जगणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातातला वेळ त्यानं कापला जाईल. मूल्यमापनात या गोष्टीला युनिटांइतकीच जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

वळणापुढे खारबंधारा लागतो. इथं होडी थांबवून मी मुद्दाम खाली उतरते. भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून कोकणभर असे बंधारे आहेत. राज्यानं त्यांच्यासाठी १९७९ मध्ये खारजमीन विकासाचा स्वतंत्र कायदा केला. बंधाऱ्यात जागोजाग उघाडी असते. उघाडी म्हणजे पाणी जायची वाट, आणि तिला बाहेरच्या अंगानं बिजागरीवर टांगलेली झडप. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आत साठलेलं गोडं पाणी झडप ढकलून निघून जातं. माणूस लागत नाही, इंजिन लागत नाही. गोव्यात खाजन शेतीला हीच सोय असते, तिथं तिला मानस म्हणतात.

भरतीच्या वीजकेंद्राची कल्पनाही मुळात हीच आहे. समुद्राच्या बाजूनं पाणी आत घ्यायचं, दारं मिटायची, बाहेर पातळी उतरली की आतलं पाणी सोडायचं, फक्त सोडताना वाटेत जनित्र फिरवायचं. कोकणातल्या शेतकऱ्यांनी चंद्राकडून काम करून घ्यायची ही रीत फार आधी बसवली, तिच्यातून वीज निघते का एवढाच आमचा प्रश्न. म्हणून उघाडीच्या रुंदीचं, झडपेच्या उंचीचं, आतल्या क्षेत्राचं माप घेते. झडपेशी आतबाहेरच्या पाण्यात मीटरभर फरक पडला तरी खूप. तेवढ्या उंचीवर एखादा दिवा, एखादं हवामान नोंदणारं यंत्र चालेल. गाव चालणार नाही.

सव्वाअकरा

जेटीवर परत. भरती पुरी झाली, पाणी स्तब्ध. पट्टीचा आकडा वाचला. पहाटेच्या आणि आत्ताच्या आकड्यांतला फरक दोन मीटरच्या आसपास.

हा आकडा अनपेक्षित नाही. भारतीय बंदरांच्या भरतीची कोष्टकं समुद्रापासून शेकडो कोस दूर, देहरादूनला, सर्व्हे ऑफ इंडियात तयार होतात. त्यात दक्षिणेला मुरगाव आहे आणि उत्तरेला मुंबईचं अपोलो बंदर. देवगड या दोघांच्या मध्ये. पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तशी भरती वाढत जाते, कारण समुद्राखालचा उथळ मंच रुंद होत जातो आणि शेवटी खंभातच्या आखातात पाणी नरसाळ्यात शिरावं तसं कोंडतं. तिथं उधाणाला अकरा मीटरपर्यंत फरक पडतो. कच्छच्या आखातात आठ. आपल्याकडे दोन.

आता उंचीचा हिशेब. कोंडलेल्या पाण्यातली ऊर्जा उंचीच्या वर्गानुसार वाढते. एक चौरस किलोमीटर खाडी दोन मीटर भरली असेल तर एका ओहोटीत कागदावर सुमारे ५,६०० युनिट मिळतात. कागदावर म्हणायचं कारण फ्रान्सच्या ला रान्स केंद्राकडे पाहिलं की कळतं. ते १९६६ पासून चालू आहे, क्षमता २४० मेगावॅट, जलाशय २२ चौरस किलोमीटरचा, भरतीचा सरासरी फरक आठ मीटर. वर्षाला साधारण ५० कोटी युनिट वीज तिथून निघते. त्याच सूत्रानं त्या जलाशयाची कागदी ऊर्जा काढली तर प्रत्यक्षातली वीज तिच्या एक तृतीयांशाच्या जवळ येते. तेच प्रमाण इथं लावलं तर देवगडच्या एका चौरस किलोमीटरमागे आजच्या दिवसाच्या दोन ओहोट्यांत सुमारे ३,७०० युनिट होतात. घरामागे दिवसाला साडेतीन युनिट धरले तर हजारभर घरं. पण भांगाला फरक मीटरभर उरला की वर्गाच्या नियमानं एक चतुर्थांश, म्हणजे अडीचशे घरं. शिवाय दोन मीटरसारख्या कमी उंचीवर जनित्र ला रान्सइतकं चांगलं चालणार नाही, तेव्हा प्रत्यक्षात याहूनही कमी.

यासाठी खाडीच्या मुखावर धरण घालावं लागेल. त्यातून ट्रॉलर आणि होड्या जायला वेगळं दार लागेल. पावसाळ्यात सड्यावरची तांबडी माती घेऊन खाडीला पूर येतो, ती माती बांधाशी साचेल. मुखाशी वाळूचा पट्टा बसतो, तो वाढेल. खर्चाची बाजू मी मांडतही नाही. देशातला अनुभव पुरेसा बोलका आहे. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॅटचं केंद्र व्हायचं होतं, ते खर्चामुळे सोडून द्यावं लागलं. कच्छच्या आखातात ५० मेगावॅटची घोषणा २०११ मध्ये झाली, तेही उभं राहिलं नाही. हे दोन्ही आपल्यापेक्षा मोठ्या भरतीचे प्रदेश.

तरी भरतीनं इथं काही दिलं नाही असं कुणी म्हणू नये. उत्तरेला, विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळाची डागडुजी करायची, पुन्हा भरतीला बाहेर काढायचं. दोन मीटर पाणी जहाज उचलायला पुरेसं असतं, आणि आंग्र्यांच्या काळच्या कारागिरांनी त्याचा पुरा उपयोग केला.

साडेबारा

पेज, कोवळ्या फणसाची भाजी, लोणचं. रस्त्यावरून हापूसच्या पेट्यांचे टेम्पो जातात. अर्धा तास पाठ टेकते.

दुपारी दोन

पुन्हा पूल. आता ओहोटीचा जोर. सकाळी आत चाललेला नारळ आता समुद्राकडे निघाला आहे. ओहोटी आणि भरती यांचे वेग सारखे असतातच असं नाही, म्हणून दोन्ही मोजावे लागतात.

धरण नको असेल तर दुसरा मार्ग म्हणजे वाहत्या पाण्यात पवनचक्कीसारखं पातं उभं करणं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पेंटलंड फर्थमध्ये मेजेन प्रकल्पात दीड-दीड मेगावॅटची चार यंत्रं आहेत. तिथं पाणी सेकंदाला पाच मीटरपर्यंत धावतं. घनाचा नियम लावला तर एक मीटरच्या तुलनेत शक्ती १२५ पट.

आपल्या पुलाखाली तीन मीटर व्यासाचं पातं बसवलं असं धरू आणि उधाणाचा कमाल वेग सेकंदाला एक मीटर मानू. पाणी चढत-उतरत, मध्ये थांबत वाहतं हे जमेस धरलं आणि पात्याची कार्यक्षमता ३५ टक्के घेतली, तर आजच्यासारख्या दिवशी चोवीस तासांत सुमारे १३ युनिट मिळतील. तीन किलोवॅटचं सौर छप्पर रोज साधारण तेवढीच वीज देतं, मीठ आणि शिंपले न चिकटता. अष्टमीला तर त्या पात्याकडून दोन युनिटही मिळणार नाहीत, बहुधा ते फिरणारच नाही. अशी यंत्रं ठरावीक वेगाखाली हलत नाहीत.

काकांना मी हे सांगितलं. त्यांनी थोडा विचार करून विचारलं, "मगे आमच्या जाळ्यांचा काय? पात्यात गेली तर?"

हाही मुद्दा वहीत उतरवला. पुलाखालची हीच वाट माशांचीही आहे.

दुपारी चार

सड्यावर, पवनचक्क्यांपाशी. १९८०च्या दशकात देशात पवनऊर्जेचे सुरुवातीचे प्रयोग झाले, त्यांतल्या काही पवनचक्क्या देवगडच्या या कातळावर उभ्या राहिल्या. त्यामुळे ऊर्जेच्या नव्या वाटा चोखाळण्यात हे गाव मागे कधीच नव्हतं. पुढे गिर्ये इथं ४,००० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र आणायचं घाटत होतं, तेव्हा आंबा बागायतदार आणि मच्छीमार एकत्र उभे राहिले आणि ते झालं नाही. राख आणि गरम पाणी नको म्हणणाऱ्या किनाऱ्याला मग काय हवं, याचं उत्तर आकड्यांनिशी देणं ही आता आमच्यासारख्यांची जबाबदारी आहे.

इथून खाली पाहिलं की खाडी लहान दिसते आणि बाहेरचा समुद्र अफाट. खरी शक्ती त्या बाहेरच्या समुद्रात, लाटांत आहे. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणानं, म्हणजे मेडानं, लाटांच्या विजेसाठी किनाऱ्यावरच्या ज्या जागा पाहिल्या त्यांत वेंगुर्ला रॉक, मालवण रॉक, रेडी, पावस, रत्नागिरी यांच्याबरोबर आपलं गिर्येही आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे लाटेच्या दर मीटर लांबीमागे वर्षाची सरासरी आठ किलोवॅटच्या आसपास, पावसाळ्यात वीसच्या आसपास. गिर्येची सरासरी सहाच्या जवळ. विझिंजमला १९९१ मध्ये आयआयटी मद्रासनं १५० किलोवॅटचं लाटांवरचं केंद्र उभारून दाखवलं होतं, तेव्हा हे तंत्र आपल्याला अगदीच परकं नाही. अडचण अशी की पावसाळ्यातली जी लाट सर्वांत जास्त वीज देईल, तीच यंत्र फोडेल. पण जून-जुलैत ढग दाटलेले असतात आणि सौर छपरं मंदावतात, नेमक्या तेव्हाच लाटा आणि वारा भरात असतात. या जोडीचा विचार देवगडसाठी व्हायला हवा.

संध्याकाळी सव्वापाच

जेटी. ओहोटीचा तळ. पट्टीचा आकडा लिहिला. पहाटेच्या ओहोटीपेक्षा तो वेगळा आहे. आपल्या किनाऱ्यावर एका दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, भरत्याही नसतात. म्हणून एकाच फेऱ्यावरून वर्षाचा अंदाज बांधणं धोक्याचं. चंद्राचे चढउतार एकदा पुरते पकडायचे तर किमान २९ दिवसांची सलग नोंद लागते. पाइपातलं यंत्र त्यासाठी जागेवरच राहील. मी फक्त शेवाळ खरवडते आणि दोरीची गाठ तपासते.

रात्री आठ

टिपण लिहायला बसते. देशाची सैद्धांतिक क्षमता सांगताना लोक आयआयटी मद्रासच्या २०१४च्या अभ्यासातला सुमारे १२,४५५ मेगावॅटचा आकडा पुढे करतात. तो वाचून देवगडच्या माणसाला वाटतं, यातले दोन-चार मेगावॅट तरी आपल्या वाट्याला येतील. तो आकडा मुख्यतः मोठ्या भरतीच्या आखातांचा आहे, हे टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. सरकारनं २०१९ मध्ये भरती आणि लाटांच्या विजेला नवीकरणीय ऊर्जेत धरलं, हेही लिहिते, कारण पुढच्या प्रयोगाला त्याचा आधार मिळू शकतो.

मग शिफारशी. खाडीच्या मुखावर बांध घालू नये: दोन मीटरच्या भरतीतून मिळणारी वीज कांदळवन, खुबे-तिसऱ्या आणि होड्यांची वाट यांच्या मोबदल्यात फार थोडी आहे. पुलाखाली पातं बसवायची घाई करू नये, आधी वर्षभर वेग मोजावा. खारबंधाऱ्याची दुरुस्ती होणार असेल तेव्हा एका उघाडीवर लहान जनित्र बसवून पाहावं. त्यासाठी खाडीत नवं काही बांधावं लागत नाही आणि झडपेचं काम अडत नाही. बर्फाच्या कारखान्याला, आरोग्य केंद्राला आणि पाणीयोजनेच्या पंपाला सौर वीज आणि बॅटरी आत्ताच द्यावी, पुढचं वादळ अभ्यास पुरा व्हायची वाट पाहणार नाही. आणि गिर्येच्या समोर, खोल पाण्यात, लाटा मोजणारा एक तरंगक पावसाळ्याआधी सोडावा.

शेवटच्या शिफारशीखाली जागा सोडते, तिथं तरंगकाचा खर्च आणि तो ओढून न्यायला कुठली बोट लागेल ते लिहायचं आहे. बोटीसाठी काकांना उद्या सकाळी विचारीन. भरती बाराच्या आसपास आहे, तोवर ते जेटीवरच असतील.